सुलोचनाची रिळं भंगारात घालू नका

प्रति,
बंद पडलेल्या टॉकीजचे आणि फिरत्या तंबू-सिनेमांचे मालक व वारस, जुन्या ऑपरेटरांची कुटुंबं, आणि जुन्या बाजारातले व्यापारी यांस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

हे पत्र रुबी मायर्स या नटीसाठी आहे. १९०७ साली पुण्यात एका बगदादी ज्यू कुटुंबात तिचा जन्म झाला. पडद्यावर तिचं नाव होतं सुलोचना. १९२५ पासून बोलपट येईपर्यंतच्या पाच-सहा वर्षांत मुंबईच्या चित्रपटांत तिच्याएवढी मोठी नायिका शोधून सापडणार नाही. पण तिचं त्या वर्षांतलं काम आज पाहायचं म्हटलं, तर हाती छायाचित्रं आणि जाहिराती लागतात. तिचा गाजलेला एकही मूकपट आज पहिल्या रिळापासून शेवटच्या रिळापर्यंत लावून बघता येत नाही. आपल्या देशात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले. त्यांतले दोन-तीन डझन उरले आहेत, आणि तेही बरेचसे तुकड्यांत.

म्हणून हे पत्र सरकारच्या आधी तुम्हाला. रीळ सापडतं ते माळ्यावर, तिकीटघराच्या मागच्या खोलीत, प्रोजेक्शनच्या केबिनमधल्या पत्र्याच्या पेटीत. ते काय आहे हे ओळखायची आणि पुढचे आठ दिवस नीट सांभाळायची वेळ सर्वात आधी तुमच्यावर येते.

आधी नावाचा घोळ मिटवू, कारण निम्म्या चुका तिथेच होतात. मराठी माणसाला सुलोचना म्हटलं की सुलोचनादीदी आठवतात, म्हणजे सुलोचना लाटकर, नाहीतर लावणीच्या सुलोचना चव्हाण. दीदींचा जन्म १९२८ चा, म्हणजे रुबी मायर्सचा पहिला ‘अनारकली’ आला त्याच वर्षीचा. त्यामुळे १९४० च्या आधीच्या कुठल्याही कागदावर ‘सुलोचना’ असं नाव दिसलं, तर ती रुबी मायर्स असं धरून चाला. पुढच्या काळात मात्र जपून. पन्नास-साठच्या दशकांतल्या हिंदी चित्रपटांत या दोघीही आईच्या आणि थोरल्या बाईच्या भूमिका करत होत्या, आणि नामावलीत दोघींचं नाव ‘सुलोचना’ असंच येतं. तिथे नावावरून ठरवू नका, चेहरा बघा. विक्रीच्या यादीत ‘सुलोचना, जुना फोटो’ एवढंच लिहिलं की तो फोटो भलत्याच संग्रहात जाऊन पडतो आणि पुन्हा वर येत नाही.

आता तिचं काम. हे थोडं सविस्तर सांगतो, कारण डब्यावरचं नाव वाचताना हीच माहिती उपयोगाला येईल.

रुबी मायर्स मुंबईत टेलिफोन ऑपरेटर होती. कोहिनूर फिल्म कंपनीच्या मोहन भवनानींनी तिला चित्रपटात यायला सांगितलं, तेव्हा तिने आधी नकार दिला. बऱ्या घरच्या मुलीने कॅमेऱ्यासमोर उभं राहणं त्या काळी बरं दिसत नसे. भवनानींनी पिच्छा सोडला नाही. अभिनयाचा काहीही अनुभव नसताना ती आली आणि १९२५ साली ‘वीरबाला’ व ‘सिनेमा नी रानी’ या चित्रपटांतून लोकांसमोर उभी राहिली. पुढच्याच वर्षी ‘टेलिफोन नी तरुणी’ आला. ज्या नोकरीतून ती आली होती तीच नोकरी आता तिची भूमिका झाली. त्याच वर्षी चंदुलाल शहांनी सतरा दिवसांत ‘टाइपिस्ट गर्ल’ पुरा केला. त्यात तिच्या जोडीला गोहर ही नटी होती. टेलिफोनवाली, टाइपिस्ट, पुढे बी. ए. झालेली इंदिरा अशा शहरात कमावणाऱ्या, शिकलेल्या मुली तिने पडद्यावर आणल्या. त्या वेळच्या पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रपटांच्या गर्दीत हा बदल केवढा होता, ते नुसत्या कथासारांशावरून कळत नाही. ती टेलिफोनच्या बोर्डासमोर कशी बसत होती, गाडीतून कशी उतरत होती, समोरच्या पुरुषाकडे नजर कशी रोखत होती, हे पाहायला रीळच पाहिजे.

कोहिनूरनंतर ती अर्देशीर इराणींच्या इंपीरियल फिल्म कंपनीत गेली. तिथे १९२७ साली भवनानींनीच ‘मुंबई नी बिलाडी’ काढला. इंग्रजी जाहिरातीत त्याचं नाव ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’. यात सुलोचनाने आठ सोंगं घेतली. माळी, पोलीस शिपाई, हैदराबादी गृहस्थ, रस्त्यावरचं पोर, सोनेरी केसांची युरोपियन बाई, केळीवाली म्हातारी आणि हात की सफाई असलेली पाकीटमार ही त्यांतली. हे मुद्दाम सांगतो, कारण ओळखण्याच्या कामात याचा फार उपयोग आहे. एखाद्या पट्टीवर फक्त मिशीवाला शिपाई दिसतो किंवा पागोट्यातला माळी दिसतो, म्हणून ‘यात नायिका नाही, किरकोळ तुकडा आहे’ असं म्हणून ती बाजूला टाकू नका. तो शिपाईच सुलोचना असू शकते.

त्याच वर्षी नवल गांधींनी रवींद्रनाथांच्या नाटकावरून ‘बलिदान’ केला. सुलोचना, झुबेदा आणि मास्टर विठ्ठल अशी त्यात नटमंडळी होती. १९२७-२८ मध्ये टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी सिनेमा चौकशी समिती बसली. तिने खऱ्या अर्थाने भारतीय आणि उत्तम चित्रपट म्हणून ‘बलिदान’चा उल्लेख केला. १९२८ मध्ये दिग्दर्शक आर. एस. चौधरींचे ‘माधुरी’ आणि ‘अनारकली’ आले, १९२९ मध्ये ‘इंदिरा बी. ए.’ आणि ‘हीर रांझा’. ‘अनारकली’च्या वेळी लाहोरच्या ग्रेट ईस्टर्न कंपनीचा त्याच कथेवरचा चित्रपट सीतादेवी या नटीला घेऊन तयार होत होता. इंपीरियलने आपला चित्रपट घाईने उरकून आधी लावला. त्यामुळे अनारकलीच्या वेशातली मूकपटातली बाई दिसली की ती सुलोचना की सीतादेवी, हा प्रश्न पडायलाच हवा. इंपीरियलच्या ‘अनारकली’त दिनशा बिलिमोरिया सलीम होता. शेजारचा नट ओळखता आला, तर उत्तर लवकर मिळतं.

तिचा नाच लोकांनी किती डोक्यावर घेतला होता, याचा एक दाखला देतो. महात्मा गांधी खादी प्रदर्शनाचं उद्घाटन करतात असा एक छोटा पट दाखवला जाई. त्याच्या जोडीला ‘माधुरी’तला सुलोचनाचा नाच ध्वनी जोडून लावला होता. म्हणजे मूकपटातला तुकडा कापून दुसऱ्या कार्यक्रमात वापरायची चाल तेव्हाही होती. हा नाच एकटाच, मागेपुढे कथा नसलेल्या लहान रिळात सापडू शकतो. पन्नास-शंभर फुटांची गुंडाळी हलकी म्हणून खेळण्यातली समजली जाते. तशी समजू नका.

पगाराबद्दलही एक गोष्ट सांगून टाकतो. दरमहा ५००० रुपये हा तिचा पगार त्या काळच्या मानाने अफाट होता, आणि ‘मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त’ असं वर्षानुवर्षं छापलं जातं. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात मुंबईच्या गव्हर्नरचा पगार वर्षाला १,२०,००० रुपये, म्हणजे महिन्याला १०,००० होता. जुन्या वस्तूच्या विक्रीत ही आख्यायिका जोडून देऊ नये. तिचं मोठेपण ५००० या आकड्यातच पुरेसं आहे.

बोलपट आले तेव्हा तिचं हिंदुस्तानी कच्चं होतं. तिने काही काळ थांबून भाषा शिकून घेतली आणि १९३२ मध्ये बोलक्या ‘माधुरी’तून ती परतली. मग जुन्या मूकपटांच्या नवीन आवृत्त्या निघू लागल्या. १९३४ मध्ये ‘इंदिरा एम. ए.’, १९३५ मध्ये पुन्हा ‘अनारकली’, १९३६ मध्ये ‘बंबई की बिल्ली’. तिने स्वतःची रुबी पिक्स ही निर्मितीसंस्थाही काढली. १९३८ च्या सुमारास इंपीरियल बंद पडली आणि तिच्या मोठ्या भूमिकाही संपत आल्या. १९५३ च्या ‘अनारकली’त ती सलीमची आई झाली. एकाच कथेत दोनदा नायिका आणि तिसऱ्यांदा नायकाची आई अशी ही एकच नटी. १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार तिला मिळाला. १९८३ साली मुंबईत ती गेली.

हा नावांचा पुनरुच्चार तुमच्या कामाच्या दृष्टीने सर्वात अवघड जागा आहे. डब्यावर ‘माधुरी’ लिहिलं असेल, तर तो १९२८ चा की १९३२ चा? ‘अनारकली’ असेल तर तिघांपैकी कुठला? उत्तर पट्टीतच असतं. पस्तीस मिलिमीटर रुंदीची पट्टी उजेडासमोर धरा. दोन्ही कडांना छिद्रांची ओळ असते आणि एका चौकटीला प्रत्येक बाजूने चार छिद्रं येतात. मूकपटात चित्र एका बाजूच्या छिद्रांपासून दुसऱ्या बाजूच्या छिद्रांपर्यंत पूर्ण रुंदी व्यापतं. बोलपटाच्या प्रिंटवर चित्र आणि एका बाजूची छिद्रं यांच्यामध्ये सुमारे अडीच मिलिमीटरची उभी पट्टी असते. तिच्यात आडव्या बारीक रेघा किंवा करवतीच्या दात्यांसारखी काळी-पांढरी नक्षी दिसते. तोच आवाज. ती नक्षी नसेल आणि चित्र कडेपर्यंत भिडलेलं असेल, तर तुमच्या हातात मूकपट असण्याचा संभव मोठा आहे. एक फसवणूक लक्षात ठेवा. बोलपटाच्या मूळ निगेटिव्हवर आवाज नसतो, तो वेगळ्या पट्टीवर असतो. पण तिथेही चित्र एका बाजूला सरकलेलं असतं आणि आवाजाची जागा मोकळी सोडलेली असते.

मजकुराच्या पाट्या हा दुसरा पुरावा. दर थोड्या वेळाने काळ्या पाटीवर पांढरी अक्षरं येतात, बहुतेकदा एकाच पाटीवर दोन-तीन-चार लिपींत. चित्रपट वेगवेगळ्या प्रांतांत चालावा म्हणून ही सोय होती. पात्रांची नावं पाटीवरच मिळतात, म्हणून फोटो काढताना पाटी सोडू नका. तिसरा पुरावा कडेला असतो. कोडकच्या फिल्मवर छिद्रांजवळ बारीक वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात. त्यांच्या जोडीवरून फिल्म कुठल्या वर्षी बनली ते काढता येतं. या खुणा वीस वर्षांनी पुन्हा येतात, म्हणून एकच खूण १९२७ ची किंवा १९४७ ची असू शकते. आवाजाची पट्टी आहे की नाही, यावरून त्यातला गोंधळ सुटतो. कडेला ‘नायट्रेट’, म्हणजे त्या काळची फिल्म ज्याची बनत असे त्या द्रव्याचं नावही बऱ्याचदा छापलेलं असतं.

पट्टी फिक्या पिवळ्या, निळ्या किंवा लालसर रंगाची दिसली, तर ती खराब झाली असं समजू नका. रात्र निळी, आग लाल, दिवस पिवळसर अशी पट्टी रंगात बुडवून काढण्याची त्या काळी सर्रास पद्धत होती. कुणी उतरवून द्यायला आलं, तर ‘काळं-पांढरं स्कॅन करतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. रंगासकटच उतरवून घ्या.

आता धोक्याबद्दल. हे कृपया सावकाश वाचा.

१९५० च्या आधीची पस्तीस मिलिमीटरची कुठलीही फिल्म नायट्रेटची आहे असंच धरा. नायट्रेटच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. म्हणून ती एकदा पेटली की पाण्याने विझत नाही, वाळूने विझत नाही, पाण्याखालीही जळत राहते. तिच्या धुरातले नायट्रोजनचे वायू विषारी असतात. चांगल्या स्थितीतली फिल्म सुमारे दीडशे अंशांला पेटते, पण कुजत चाललेलं रीळ बंद डब्यात ४१ अंशांच्या आसपास बरेच दिवस राहिलं, तर आपोआप पेटल्याचे प्रयोग आहेत. जळगाव, अकोला, नागपूरच्या मे महिन्यात पत्र्याखालचा माळा किती तापतो, हे तुम्हाला सांगायला नको. २००३ च्या जानेवारीत पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट साठ्यालाही आग लागली होती. जे सांभाळणाऱ्यांच्या हातूनही निसटतं, ते घराच्या माळ्यावर आणखी सहज निसटेल.

ती कुजते कशी, ते कळलं की पुढच्या सूचना आपोआप पटतात. फिल्ममधून हळूहळू नायट्रोजनचे वायू सुटतात. हवेतल्या ओलाव्याशी मिळून त्यांचं आम्ल होतं, आणि ते आम्ल फिल्मला आणखी कुजवतं. डबा घट्ट बंद असेल तर वायू आतच कोंडतो आणि वेग वाढतो. म्हणून पिशवीत गुंडाळून ‘सुरक्षित’ ठेवलेलं रीळ उघड्यावरच्या रिळापेक्षा लवकर मरतं. कुजण्याचा क्रम असा: आधी चित्र फिकं होतं आणि पट्टी मधासारखी पिवळी पडते. मग थर चिकट होऊन वेढे एकमेकांना चिकटू लागतात. पुढे फुगे येतात, वर चिकट द्रव साचतो, नाकाला झोंबणारा वास सुटतो. मग सगळं रीळ एक घट्ट चकती होतं, आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. पहिल्या दोन टप्प्यांत जवळजवळ सगळं वाचवता येतं. तिसऱ्यातूनही काही चौकटी हाती लागतात. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर मात्र ती बहुधा अॅसिटेटची, म्हणजे नंतरच्या काळातली फिल्म. तीही खराब होत असते, पण तशी पेट घेत नाही.

डबा सापडल्यावर करायचं ते असं. खोलीतला दिवा, निरांजन, उदबत्ती, शेगडी, सिगारेट आधी बाहेर. खिडक्या उघडा. हातात सुती मोजे, तोंडावर मास्क. डबा जिथे आहे तिथेच त्याचे आधी फोटो काढा, चारही बाजूंनी. डब्यावरचं हस्ताक्षर, चिठ्ठी, रेल्वेची पावती, थिएटरचा शिक्का, हे सगळं फिल्मइतकंच मोलाचं आहे. गंज घासून काढू नका, त्यावरची अक्षरं निघून जातात. झाकण गंजून घट्ट बसलं असेल, तर हातोडी आणि छिन्नी लावू नका. ठिणगीची भीती आहे. तो डबा तसाच ठेवा.

झाकण सहज निघालं, तर रीळ बाहेर न काढता वरूनच बघा. पावडर, फेस किंवा घट्ट चकती दिसली तर हात लावू नका. झाकण सैल ठेवा, डबा घराबाहेर सावलीत, माणसांपासून आणि कागदांपासून दूर न्या आणि अग्निशमन दलाला कळवा. पट्टी कोरडी आणि सुटी असेल, तर बाहेरचं टोक फक्त हातभर उलगडा आणि पांढऱ्या कागदासमोर मोबाइलने फोटो घ्या. एक फोटो चौकटीचा, एक कडेच्या खुणांचा. मागे हॅलोजन किंवा जुना पिवळा बल्ब धरू नका, त्याची उष्णता पट्टीवर येते. सैल झालेलं रीळ टोक ओढून घट्ट करू नका. वेढे एकमेकांवर घासतात आणि त्यावरचे ओरखडे कायमचे राहतात.

प्रोजेक्टरवर लावून बघायचा मोह सर्वांनाच होतो. तो टाळा. जुनी पट्टी आकसते आणि छिद्रांमधलं अंतर कमी होतं. नव्या पट्टीत लागोपाठच्या १०० छिद्रांचं अंतर ४७५ मिलिमीटर असतं. ते ४७० भरलं, तर पट्टी एक टक्क्याहून थोडी जास्त आकसली आहे. एवढ्या पट्टीची छिद्रं प्रोजेक्टरच्या दात्यांवर फाटू लागतात. शिवाय दिव्यासमोर पट्टी क्षणभर अडकली की पेटते. थिएटरांच्या केबिनला जाड भिंती आणि लोखंडी झडपा होत्या, त्या यासाठीच.

ठेवायची जागा तळमजल्यावरची, उत्तरेकडची, हवेशीर. रीळ आडवं ठेवा. उभं ठेवलं की स्वतःच्या वजनाने बसतं. हजार फुटांचं एक रीळ साधारण सव्वादोन ते अडीच किलोचं असतं आणि पूर्ण लांबीचा एक मूकपट आठ-दहा रिळांचा, म्हणजे एका चित्रपटाचंच ओझं वीस-पंचवीस किलो. सगळे डबे एकावर एक रचू नका, अंतर ठेवून मांडा. घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. आत दव धरतं, वायू कोंडतो आणि फ्रिजच्या बटणाची ठिणगी जवळच असते. संग्रहालयांची थंड कोठारं वेगळी असतात, तिथे ओलावाही मोजून ठेवलेला असतो.

आणि कुरिअरने, पोस्टाने, एस.टी.च्या टपावरून, विमानातल्या बॅगेतून पाठवू नका. नायट्रेट फिल्म धोकादायक मालात मोडते. आधी फोटो पाठवा. न्यायला येणारा योग्य डबे आणि गाडी घेऊन येतो.

कळवायचं कुठे? पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. ते १९६४ साली स्थापन झालं आणि आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन ही जुने चित्रपट जपणारी संस्था आहे. फोटोंसोबत एवढं लिहा: डब्यांची संख्या, प्रत्येकावरचं नाव आणि रिळाचा क्रमांक, वास कसला, झाकण निघालं की नाही, आणि तो डबा तुमच्याकडे कुठून आला. शेवटची ओळ बहुतेक लोक विसरतात. कोणत्या थिएटरचा, कोणत्या वितरकाचा, यावरून दुसरं रीळ कुठे शोधायचं ते कळतं.

‘दिलं तर हक्क जाईल’ ही भीती बऱ्याच वारसांना असते. १९२५-३० च्या मूकपटांवरचा कॉपीराइट केव्हाच संपला आहे. भारतीय कायद्यात चित्रपटाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं चालतो. तुमच्याकडे आहे ती वस्तू म्हणून त्या डब्याची मालकी. ती देताना देणगी की ठेव, हे कागदावर लिहून घ्या. ठेव असेल तर मालकी तुमचीच राहते. स्कॅनची एक प्रत मिळावी, ही अटही त्याच कागदावर घाला. अशी मागणी करण्यात संकोच वाटू देऊ नका.

व्यापारी मित्रांना वेगळी विनंती. चांदीसाठी फिल्म धुण्याचा धंदा पूर्वी जोरात होता आणि कितीतरी मूकपट त्यातच गेले. आज त्यातून मिळणारी चांदी मामुली आहे. सुलोचनाच्या एका रिळाची किंमत तिच्याशी तुलना करण्यासारखी नाही. पट्टी कापून पाच-पाच चौकटींची पाकिटं करून विकू नका. हजार फुटांत १६,००० चौकटी असतात. सेकंदाला सोळाच्या गतीने त्या चालवल्या, तर सोळा मिनिटांहून थोडं जास्त पाहायला मिळतं. त्यातल्या दोनशे चौकटी विकल्या गेल्या तर साडेबारा सेकंद गेले. एवढ्यात केळीवाली म्हातारी पाटी खाली ठेवून पुन्हा पाकीटमार होते.

कागदांचंही तसंच. हँडबिलं, कथासाराची बुकलेटं, थिएटरच्या काचपेटीतले फोटो, जाहिरातीच्या काचेच्या स्लाइडी, सेन्सॉरचे दाखले यांना लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका. दोन्ही पिवळे पडतात आणि काढताना छपाई सोबत घेऊन निघतात. मागे लिहायचं असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला. सेन्सॉरच्या दाखल्यावर नंबर, रिळांची संख्या आणि फुटांतली लांबी असते. हातात तीनच रिळं असतील, तर मूळ किती होती हे त्यावरूनच कळतं. तो दाखला फ्रेम करून विकण्याआधी त्याचा एक स्वच्छ फोटो तरी संग्रहालयाकडे जाऊ द्या.

परदेशात असलेल्या मराठी माणसांपर्यंतही हे पत्र पोचावं. १९१९ च्या ‘बिल्वमंगल’ या मूकपटाचा उरलेला भाग पॅरिसच्या सिनेमाथेक या चित्रपट संग्रहालयात मिळाला आणि त्याची प्रत पुण्याला आली. पूर्व आफ्रिकेतल्या, सिंगापूरच्या जुन्या भारतीय दुकानदार घराण्यांशी ओळख असेल, तर एवढंच विचारा: आजोबांनी कधी थिएटर चालवलं होतं का, आणि त्या पेट्या आता कुठे आहेत?

यंदाचा उन्हाळा सुरू होण्याआधी माळ्यावर एकदा नजर टाका. पत्र्याखाली पेटी असेल, तर ती सकाळच्या गारव्यात, हिसका न देता, न आपटता, दोघांनी उचलून खालच्या खोलीत आणा आणि झाकणावरचं नाव वाचा. ‘बिलाडी’, ‘टाइपिस्ट’, ‘टेलिफोन’, ‘माधुरी’, ‘बलिदान’ यांपैकी एखादा शब्द दिसला, तर त्याच दिवशी फोटो पाठवा.

कळावे, लोभ असावा.

आपले,
मूकपटांच्या नोंदी ठेवणारे काही जण